ताज्या चिरलेल्या फळ्यांची थप्पी कशी लावायची (माझ्या वाकड्या फळ्यांवरून शिकलेलं)

पहिल्यांदा ओंडका चिरून घेतला तेव्हा फळ्या आणून मी सरळ भिंतीला टेकवून उभ्या केल्या, म्हटलं वाळतील आपोआप. आठ-दहा दिवसांत निम्म्या धनुष्यासारख्या झाल्या. मग हुशारी सुचली, उरलेल्या एकावर एक रचल्या, मध्ये हाताला लागतील ते लाकडाचे तुकडे घातले आणि पावसाच्या भीतीने सगळं ताडपत्रीत गच्च गुंडाळून ठेवलं. तीन महिन्यांनी उघडलं तर आधी कुबट वास आला, मग पांढरी-हिरवी बुरशी दिसली, आणि फळी धारेवर धरून एक डोळा मिटून बघितली तर तिच्यात लाटा. जिथे जिथे तुकडा घातला होता तिथे उंचवटा आणि दोन तुकड्यांच्या मध्ये झोळ, आणि ते तसंच्या तसं वाळून कडक झालेलं. वरून वजन ठेवून बघितलं, पाणी मारून बघितलं, काही फरक नाही.

लाकूड ज्या आकारात वाळतं तोच आकार धरून बसतं, एवढं यातून डोक्यात बसलं. म्हणून सुकवायचं काम म्हणजे खरं तर थप्पी लावायचं काम, ते पहिल्या दिवशी नीट झालं की पुढे फक्त वाट बघायची. खाली सगळं क्रमाने लिहितोय.

आधी आत काय चाललेलं असतं ते थोडक्यात, कारण ते कळलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. ताज्या लाकडात पाणी प्रचंड असतं. ओलावा सुक्या वजनाच्या टक्क्यात मोजतात, त्यामुळे ताज्या फळीचा आकडा ५०, ८०, काही हलक्या लाकडांत १०० च्या वरही जातो, घाबरू नका, ओलावा मोजायचा मीटर बिघडलेला नाही. पूर्ण सुकी असताना ९ किलो भरणारी फळी ६०% ओलाव्याला साडेचौदा किलोच्या आसपास भरते. तिला १२% वर आणायचं तर चार किलोपेक्षा जास्त पाणी बाहेर पडलं पाहिजे, आणि अशा ५० फळ्या असतील तर एक अख्खं मोठं पिंप भरेल एवढं पाणी तुमच्या थप्पीतून हवेत जायचंय. मला हा हिशोब आधी कुणी सांगितला असता तर ताडपत्री गुंडाळलीच नसती.

दुसरी गोष्ट म्हणजे साधारण ३०% पर्यंत खाली येईस्तोवर लाकूड आकसत नाही, पोकळ्यांमधलं मोकळं पाणी तेवढं जातं. त्याच्या खाली गेलं की आकसायला लागतं, आणि सगळीकडून सारखं आकसत नाही हीच खरी गोची. वाढीच्या वलयांच्या दिशेने पूर्ण सुकेपर्यंत साधारण ८%, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्मं, आणि लांबीत जवळपास नाहीच. झाडागणिक आकडे बदलतात पण प्रमाण साधारण असंच राहतं. ओंडका सरळ आडवा चिरत गेला असाल तर फळीच्या टोकावर वलयांच्या कमानी दिसतात, त्या कमानी सुकताना सरळ व्हायला बघतात आणि फळीच्या कडा सालीच्या बाजूला उचलल्या जातात. फळी वाटीसारखी होते ती यामुळे.

लागणारं सामान:

- पायासाठी सिमेंटचे ब्लॉक आणि जाड सरळ लाकडी बडोदे, म्हणजे चौकोनी वासे (३ x ३ किंवा ४ x ४ इंची)
- सुक्या लाकडाच्या एकसारख्या जाडीच्या पट्ट्या, वाटतात त्याच्या दीडपट
- टोकांना लावायला मेण किंवा जाड पेंट, जुना ब्रश
- दोरी, लेव्हल, टेप, खडू
- वरून झाकायला पत्रा किंवा जुनं प्लायवुड
- वजनासाठी ब्लॉक, किंवा रॅचेटवाले (दात्यांवर ओढून आवळायचे) बेल्ट
- कडक ब्रश किंवा झाडू, हातमोजे
- मॉइश्चर मीटर असला तर उत्तम, नसला तर वजनकाटा चालतो

१. चिरायच्या आधीच जाडी ठरवा

फळी एक इंच हवी म्हणून एक इंचच चिरून आणली तर सुकून आणि रंधा मारून हातात पाऊण इंच राहते. एक इंच म्हणजे ८ सूत पक्की हवी असेल तर ९ ते १० सूत चिरायला सांगा. रुंदीतही हिशोब धरा, १० इंची आडवी चिरलेली फळी घरात वापरण्याइतकी सुकेपर्यंत अर्ध्या इंचाच्या आसपास बारीक होऊ शकते.

गाभ्याचा मधला ठिपका ज्या फळीत येतो ती फळी फुटणारच, तिच्याकडून अपेक्षा ठेवू नका. तो ठिपका मधोमध येईल अशी एक फळी काढून तिचे उभे दोन भाग करून घ्यायचे आणि ठिपका काढून टाकायचा, किंवा ती थप्पीच्या सगळ्यात वर टाकायची.

आणि सगळ्या फळ्या एकाच जाडीच्या निघतायत का बघा. एका टोकाला एक इंच आणि दुसऱ्या टोकाला सव्वा अशी फळी थरात आली की तिच्या शेजारच्या फळ्यांवर वजनच पडत नाही, त्या मोकळ्या सुटतात आणि मनासारख्या वाकतात.

२. टोकं लगेच बंद करा

लगेच म्हणजे त्याच दिवशी, जमलं तर ओंडका असतानाच. टोकाकडून पाणी फळीच्या सपाट बाजूपेक्षा १० ते १५ पट वेगाने जातं, त्यामुळे टोक आधी आकसतं, आतलं लाकूड अजून फुगलेलंच, मग टोक फाटतं. उन्हात ठेवलेल्या जड लाकडाच्या फळ्या पहिल्याच दुपारी बोलायला लागतात, टक… टक… असा बारीक आवाज येतो, जवळ जाऊन बघावं तर केसासारखी चीर. दुसऱ्या दिवशी त्यात नख जातं. आठवड्याने अंगठ्याएवढ्या लांबीची भेग, आणि दोन्ही टोकांची मिळून फूटभर फळी गेली कामातून.

टोकं बंद करायला खास मेणाचं इमल्शन मिळतं ते सगळ्यात चांगलं. नाहीतर वितळलेलं मेण (गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, थेट आचेवर ठेवलं तर पेट घेतं) किंवा जुना ऑइलपेंट जाडसर. भिंतीचा पाण्याचा पेंट एक हात मारून काही उपयोग होत नाही, तोच असेल तर दोन-तीन जाड हात द्या. चीर एकदा पडल्यावर वरून पेंट लावणं म्हणजे वरातीमागून घोडं.

३. जागा

सावली आणि वारा या दोनच गोष्टी बघायच्या. ऊन लागतंय म्हणजे लवकर वाळेल असं वाटतं, पण उन्हात वरचा थर झटकन वाळतो आणि आतला ओला राहतो, मग वरून चिरा. चारी बाजूंनी बंद खोलीत उलट होतं, हवा कोंदट राहते आणि बुरशी येते. उघडी शेड, वर छप्पर आणि बाजू मोकळ्या, याच्यासारखं काही नाही.

वारा पट्ट्यांच्या दिशेने आरपार जायला हवा, म्हणजे थप्पीची लांब बाजू वाऱ्याकडे करायची. जड आणि पटकन चिरणारं लाकूड असेल, ओकसारखं, आणि वारा फार असेल तर पहिले काही आठवडे त्या बाजूला शेडनेट लावून वेग थोडा मारा. पाइनसारख्या हलक्या लाकडाला मात्र पहिल्या दिवसापासून जेवढी हवा मिळेल तेवढी द्या, ओलं ठेवलं की त्याच्यावर निळे-काळे डाग पडतात आणि ते आतपर्यंत जातात, रंध्याने निघत नाहीत.

४. पाया

इथे घाई करणाऱ्यांची मी गंमत बघितलीय, मी स्वतः त्यातलाच एक. पाया वाकडा तर थप्पी वाकडी, आणि थप्पी वाकडी तर सगळ्याच्या सगळ्या फळ्या वाकड्या, एक-दोन नाही.

जमिनीवरचं गवत काढा, ओल वर येत असेल तर पॉलिथिन अंथरा आणि त्यावर पाणी साचणार नाही असा उतार द्या. ब्लॉक ठेवून त्यावर आडवे बडोदे टाका, पहिली फळी जमिनीपासून एक ते दीड फूट वर आली पाहिजे, कारण ओली गार हवा खाली बसते आणि तिला थप्पीखालून निघून जायला वाट लागते. वाळवीही ब्लॉकवरून चढताना माती घेऊन चढते, त्या मातीच्या रेघा उंच पायावर लगेच नजरेला पडतात.

बडोदे दीड ते दोन फुटांवर एक. मग दोरी ताणा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी प्रत्येक बडोद्याला जेमतेम टेकली पाहिजे, आणि मग कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरक्या दोन दोऱ्या ताणा, मध्यावर त्या एकमेकींना फक्त शिवल्या पाहिजेत. तिरक्या दोऱ्या बहुतेक जण विसरतात, आणि फळीला पीळ येतो तो इथूनच येतो. एखादा बडोदा खाली असेल तर पाचर मारा. सगळी थप्पी एका बाजूला थोडी उतरती असली तरी बिघडत नाही, फक्त पातळी एक हवी, पिळलेली नको.

५. पट्ट्या

फळ्यांच्या दोन थरांमध्ये घालायच्या त्या या पट्ट्या, आणि माझ्या मते सगळ्या प्रकारात सगळ्यात कमी कौतुक होणारी वस्तू. जाडी पाऊण ते एक इंच, रुंदी एक ते दीड इंच, लांबी थप्पीच्या रुंदीएवढी. सगळ्यांची जाडी एकच. नुसत्या नजरेने एकच नाही, टेपने मोजून एकच. चौकोनी केल्या तर एक बाजू एक इंच आणि दुसरी सव्वा असला घोळ होतो, अंधारात कुणीतरी उभी घालतं, म्हणून रुंदी जाडीपेक्षा चांगली ठळक जास्त ठेवा.

पट्टी सुकी हवी. ताज्या ओंडक्याच्याच कडांच्या चिपा काढून पट्ट्या करायचा मोह होतो, फुकट मिळतात ना, पण ओली पट्टी ओल्या फळीवर बसली की त्या जागी हवा नाही आणि पाणी दुप्पट, मग फळीवर दर दीड फुटाला एक काळपट आडवा पट्टा उमटतो. रंधा मारला की जाईल असं वाटतं. मी एका फळीवर दोन सूत उतरवले तरी सावली दिसतच होती. साल असलेली, रंग सोडणारी, किडलेली पट्टी पण नको.

आता अंतर. एक इंची फळीला १६ ते २४ इंचांवर एक पट्टी. फळी पाऊण इंच किंवा त्याहून पातळ असेल, किंवा लाकूड वाकायच्या स्वभावाचं असेल तर १२ इंचांवर आणा. दोन इंची जाड मालाला २४ चालतं. पट्ट्या वाचवायला जाऊ नका, जास्त पट्ट्यांनी कुणाचं लाकूड बिघडलेलं मी बघितलं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पट्टीवर पट्टी. खालच्या बडोद्याच्या बरोब्बर वर पहिली पट्टी, तिच्या बरोब्बर वर दुसरी, असं शेवटपर्यंत ओळंब्यात. वजन वरून खाली पट्ट्यांमधून सरळ बडोद्यात आणि तिथून ब्लॉकमध्ये उतरलं पाहिजे. एक पट्टी चार इंच सरकली की वरचं सगळं वजन खालच्या फळीच्या अधांतरी भागावर पडतं आणि ती झोळ खाते, माझ्या पहिल्या थप्पीतल्या लाटा याच्याच. पायाच्या बडोद्यांवर खडूने खुणा करून ठेवा आणि दर तीन-चार थरांनी बाजूला उभं राहून बघा, पट्ट्यांची टोकं एका उभ्या रेघेत दिसायला हवीत.

टोकाची पट्टी अगदी टोकालाच, फळीच्या कडेशी मिळती. सहा इंच आत घातली तर ते सहा इंच हवेत लोंबकळत वाळतात आणि चिरतात पण आधी.

६. थप्पी रचणं

फळी थप्पीवर ठेवायच्या आधी दोन्ही बाजूंचा भुसा ब्रशने झाडून काढा. ओला भुसा स्पंजसारखा पाणी धरतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. कंटाळवाणं काम आहे पण एका फळीला पंधरा-वीस सेकंद लागतात. साल राहिली असेल तर तीही सोलून टाका, सालीखाली किडे अंडी घालतात.

लांब फळ्या खाली, आखूड वर. लांबी सारखी नसेल तर प्रत्येक थरात दोन्ही कडेला पूर्ण लांबीच्या फळ्या घ्या आणि आखूड मध्ये, एक या टोकाला मिळती, पुढची त्या टोकाला मिळती. कुठलीही फळी दोन थरांच्या बाहेर जिभेसारखी निघालेली नको.

एका थरात दोन फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवा. एका थरात एकच जाडी. चांगला माल खाली घाला कारण खाली वजन जास्त मिळतं, गाठीवाले आणि वेडेवाकडे सगळ्यात वर, ते बळीचे बकरे. थप्पीची रुंदी चार फुटांपर्यंत ठेवा, त्याच्या वर गेलं की मधल्या फळ्यांना हवा पोचत नाही.

ओंडका चिरला त्याच दिवशी थप्पी लागली पाहिजे. फळ्या एकमेकींवर चिकटून रात्रभर राहिल्या तर काही होत नाही, पण गरम दमट हवेत तीन-चार दिवस राहिल्या तर डाग धरतात.

पांढऱ्या बाहेरच्या लाकडात, म्हणजे सालीलगतच्या भागात, पिठूळ सोडणारा किडा लागतो. ती भीती असेल तर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी फळी ओली असतानाच सगळीकडून मारायचं, ओल्या लाकडात ते आत झिरपतं, सुक्या फळीत वरवर राहतं. मारताना हातमोजे घाला, लहान मुलं आणि जनावरं लांब ठेवा.

७. वजन आणि छप्पर

वर शेवटची पट्टी, त्यावर जाड टाकाऊ फळ्या, आणि त्यावर सिमेंटचे ब्लॉक, पट्ट्यांच्या रेषेवर. दर चौरस मीटरला दोन-अडीचशे किलो असलं तर बरं, पण असेल तेवढं ठेवा. वजनाचा खरा फायदा वरच्या सात-आठ थरांना, खालच्यांना वरच्या फळ्याच दाबून ठेवतात.

बेल्टने आवळणार असाल तर लक्षात घ्या, थप्पी बसते. प्रत्येक फळी जाडीत थोडी थोडी आकसते आणि २० थरांची थप्पी मिळून पाऊण इंचाच्या आसपास खाली येते. आज करकचून आवळलेला बेल्ट महिन्याने हात घालून हलवता येतो. पहिले दोन महिने दर आठवड्याला रॅचेटचे दोन दात ओढा. मला विचाराल तर ब्लॉकच बरे, ते थप्पीबरोबर आपोआप खाली येतात, विसरलं तरी चालतं.

छप्पर म्हणजे टोपी, रेनकोट नव्हे. वर पत्रा, चारी बाजूंनी फूटभर बाहेर, थोडा उतार, पत्रा आणि वरच्या फळीच्या मध्ये हवा खेळायला जागा. बाजू उघड्या. पाऊस तिरका येतो म्हणून ताडपत्री बाजूने सोडायची वेळ आलीच तर पाऊस थांबला की वर करा.

८. किती दिवस, आणि झालं कसं कळणार

एक इंचाला एक वर्ष असं सगळे सांगतात. ते ढोबळ आहे. हलकं एक इंची लाकूड चांगल्या कोरड्या हवेत दोन-तीन महिन्यांत तयार होतं, ओकसारख्याला वर्ष कमी पडू शकतं. आणि जाडी दुप्पट झाली की वेळ दुपटीपेक्षा बराच जास्त लागतो, दोन इंची माल तिप्पट-चौपट वेळ खातो. पावसाच्या महिन्यांत काम जवळपास थांबतं.

म्हणून दिवस मोजू नका, ओलावा मोजा. मीटरच्या सुया टोकापासून फूटभर आत, फळीच्या मधोमध, आणि सुयांची रेघ लाकडाच्या रेषांच्या दिशेने धरून टोचा. वरचा पृष्ठभाग नेहमी आतल्यापेक्षा सुका दाखवतो, म्हणून एखादी फळी मधून कापून ताज्या कापावर पण बघा. ३० च्या वरचे आकडे मीटर अंदाजानेच देतो, तिकडे लक्ष देऊ नका.

मीटर नसेल तर ही पद्धत, मी अजूनही हीच वापरतो. सुरुवातीला एका फळीच्या टोकापासून फूटभर सोडून इंचभर जाडीचा तुकडा कापा, लगेच वजन करा. मग ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत ठेवा, साधारण एक दिवस. समजा ओला ४० ग्रॅम, सुका २५ ग्रॅम. गेलेलं पाणी १५, भागिले सुकं वजन २५, म्हणजे ६०%. त्याच फळीचं उरलेलं अंग, कापलेलं टोक मेणाने बंद करून, काट्यावर ठेवा. समजा ८ किलो भरलं. तर तिचं पूर्ण सुकं वजन ८ भागिले १.६, म्हणजे ५ किलो. १५% ओलाव्याला ती ५.७५ किलो भरली पाहिजे. हा आकडा खडूने फळीवरच लिहा, ती थप्पीत अशा जागी घाला की ओढून बाहेर काढता येईल, आणि दर पंधरा दिवसांनी वजन करा. आधी भराभर उतरतं, मग हळू, मग पाच-सहा आठवडे काटा जागचा हलत नाही. म्हणजे बाहेरच्या हवेत जेवढं सुकायचं तेवढं सुकलं.

२०% च्या खाली आलं की कुजवणारी बुरशी वाढत नाही, त्या दिवशी अर्धी चिंता संपते.

९. आत आणणं

बाहेरच्या हवेत लाकूड हवेतल्या दमटपणापर्यंतच येतं. हवेत आर्द्रता ६५% राहिली तर लाकूड १२% च्या आसपास थांबतं, ८०% राहिली तर १६ च्या आसपास. कुंपण, बाकडं, छपराचं काम असेल तर तेवढ्यावर भागतं. पण टेबल किंवा कपाट करणार असाल तर ते ज्या खोलीत राहणार त्याच हवेत फळ्या आधी राहायला हव्यात, नाहीतर घरात गेल्यावर ड्रॉवर सैल होतात आणि टेबलाच्या वरच्या फळीत फट पडते.

तर फळ्या आत आणा आणि पुन्हा पट्ट्या घालून थप्पी लावा. हो, पुन्हा. जमिनीवर नुसत्या आडव्या टाकल्या तर वरची बाजू वाळते, खालची नाही, आणि वर्षभर सरळ राहिलेली फळी चार दिवसांत वाटी होते. आत तीन-चार आठवडे, जाड माल असेल तर जास्त, काट्यावरचं वजन परत स्थिर होईपर्यंत. मग पहिला रंधा मारताना दोन्ही बाजूंनी सारखं उतरवा, सगळं एकाच बाजूने काढू नका. आणि पट्ट्या फेकू नका, जुडी बांधून कोरड्या जागी ठेवा, पुढच्या ओंडक्याला त्याच लागतात आणि जितक्या जुन्या तितक्या सुक्या.